तो लिफाफा टाकून आठ वर्षं झाली

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सिडनीच्या पश्चिम भागात राहणारे एक गृहस्थ लिहितात. वय ५८, मूळचे कराडचे, १९९९ पासून ऑस्ट्रेलियात. २०१७ साली तिथं समलिंगी विवाहाच्या कायद्यावर पोस्टानं जनमत घेतलं गेलं, तेव्हा त्यांनी 'नाही'च्या चौकटीत खूण केली. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता, बारावीत. आज तो पंचविशीत आहे आणि येत्या मार्चमध्ये त्याचं लग्न आहे, एका मुलाशी. जोडीदार ग्रीक घरातला. आई दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी खरेदीची यादी करायला बसली. वडिलांना मात्र झोप लागत नाही. ते विचारतात, 'मी नाही म्हणून मत दिलं होतं, हे त्याला सांगू का? त्यानं कधी विचारलेलं नाही. सांगितलं तर लग्नाच्या तोंडावर त्याचं मन मोडेल. नाही सांगितलं तर मांडवात खोटा चेहरा घेऊन उभा राहीन. तेव्हा आपल्या सगळ्याच लोकांनी नाही म्हटलं होतं, मी एकटा नव्हतो. शिवाय कराडला ८४ वर्षांची आई आहे, थोरला भाऊ आहे, इथं मंडळ आहे. लोकांना काय सांगायचं?'

नमस्कार,

आधी एक गोष्ट विचारते, कारण तुमच्या साडेतीन पानांच्या पत्रात ती कुठंच नाही. तुमचं मत बदललंय का? 'चूक' हा शब्द तुम्ही पाच वेळा लिहिलाय, 'अपराधी' दोनदा. पण तोच फॉर्म आज पुन्हा घरी आला तर खूण कुठल्या चौकटीत कराल, हे लिहिलेलं नाही. मला कळवायची गरज नाही. मुलासमोर तोंड उघडण्याआधी तुमचं तुम्हाला मात्र ते माहीत पाहिजे. 'तेव्हा असं वाटायचं, आता नाही वाटत' हे सांगणं वेगळं आणि 'मला अजून पटत नाही, पण तुझ्यासाठी येतोय' हे वेगळं. दुसरंही सांगता येतं. ऐकायला कडू लागतं, पण खरं असतं. दुसरं मनात ठेवून पहिलं बोलायला जाल तर फसाल. पोरांना आईबापांचा खोटा आवाज फोनवरूनही ओळखता येतो.

इतर वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. ऑस्ट्रेलियात निवडणुकीत मतदान सक्तीचं आहे, केलं नाही तर दंड होतो. २०१७ चं हे जनमत मात्र ऐच्छिक होतं. सप्टेंबरात घरोघरी लिफाफे आले. आतल्या कागदावर एकच प्रश्न होता, समलिंगी जोडप्यांना लग्न करता यावं म्हणून कायदा बदलावा का? हो किंवा नाही. खूण करायची, सोबत दिलेल्या पाकिटात घालायची आणि पोस्टाच्या पेटीत टाकायची. सक्ती नसतानाही ७९.५ टक्के लोकांनी उत्तर पाठवलं. १५ नोव्हेंबरला निकाल जाहीर झाला तो असा: ६१.६ टक्के हो, ३८.४ टक्के नाही. पुढं महिन्याभराच्या आत संसदेनं कायदा केला. कनिष्ठ सभागृहात विरोधात फक्त चार मतं पडली (काही विरोधक मतदानाला थांबलेच नाहीत, ती गोष्ट निराळी) आणि ९ डिसेंबरपासून कायदा लागू झाला.

आता तुमचा भाग. देशातल्या १५० मतदारसंघांपैकी १७ मतदारसंघांनी नाही म्हटलं आणि त्यातले बहुतेक पश्चिम सिडनीतले होते. तुम्ही राहता त्या पॅरामाटा मतदारसंघाचा आकडा तर बघण्यासारखा आहे. तिथं ६१.६ टक्के 'नाही'. देशाचाच आकडा, पण उलटा. स्थलांतरितांनी विरोध केला अशी चर्चा तेव्हा लगेच सुरू झाली, आणि तुम्हीही तेच धरून बसला आहात की आपल्या सगळ्या लोकांनी नाही म्हटलं.

कशावरून? त्या कागदावर गाव, भाषा, धर्म यातलं काहीही विचारलेलं नव्हतं. आकडे मतदारसंघांचे जाहीर झाले, मराठी माणसांचे वेगळे कुणी मोजले नाहीत. पॅरामाट्यात लेबनीज आहेत, चिनी आहेत, तमिळ, पंजाबी, गुजराती आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहिलेले गोरेही आहेत. आणि तिथंसुद्धा ३८.४ टक्के लोकांनी हो म्हटलं. म्हणजे पाचातल्या जवळजवळ दोघांनी. मंडळाच्या गणपतीत तुमच्या शेजारी उभं राहून टाळ्या वाजवत 'घालीन लोटांगण' म्हणणारा एखादा त्यातला असू शकतो. तुम्ही त्याला विचारलं नाही, त्यानं तुम्हाला सांगितलं नाही. तेव्हा हे 'सगळे' तुमच्या बाजूला आहेत असं वाटून तुम्हाला धीर यायचा. आज तेच 'सगळे' तुमच्यावर हसतील म्हणून झोप येत नाही. दोन्ही वेळा त्यांच्या तोंडून एक अक्षर आलेलं नाही.

नाही म्हणणाऱ्यांची खरडपट्टी काढायला मी हे सदर लिहीत नाही. तुम्ही टीव्हीवरच्या त्या जाहिरातीबद्दल लिहिलंय, ज्यात एक आई सांगते की शाळेत माझ्या मुलाला 'हवं तर झगा घालून ये' म्हणाले. घरात शाळेत जाणारा मुलगा असताना ती जाहिरात पाहून घाबरलात, हे मला कळतं. शिवाय तुम्ही ज्या देशात वाढलात तिथं समलिंगी संबंध तेव्हा कायद्यानं गुन्हा होते. कलम ३७७ चा तो भाग सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला ६ सप्टेंबर २०१८ ला, म्हणजे तुम्ही लिफाफा टाकल्यानंतर जवळजवळ वर्षभरानं. आणि कराडात तुमच्या लहानपणी हा विषय निघत असेल तो टवाळीतच. माणूस परदेशात जाताना लोणच्याच्या बरणीबरोबर हेही घेऊन जातो, आणि बरणी संपली तरी हे संपत नाही.

पण तुमचा त्रास त्या लिफाफ्याचा आहे असं मला वाटत नाही. पत्रात तुम्ही स्वतःच लिहिलंय की एका मतानं काय फरक पडला, ७८ लाख लोकांनी हो म्हटलं आणि ४८ लाखांवर लोकांनी नाही, त्यात माझं एक. बरोबर आहे, काही फरक पडला नाही. मग झोप कशानं उडाली?

तुमच्या पत्राचं दुसरं पान पुन्हा काढा. त्यात लिहिलंय की फॉर्म आठवडाभर फ्रिजवर चुंबकाखाली होता. खूण तुम्ही जेवणाच्या टेबलावर बसून केलीत, आणि मुलगा समोर गणिताचे पेपर सोडवत होता. निकालाच्या संध्याकाळी बातम्या लागल्या होत्या. पश्चिम सिडनीचे आकडे आल्यावर तुम्ही म्हणालात, 'निदान आपल्या भागानं तरी अक्कल दाखवली.' मुलगा ताटातला आमटीभात तसाच टाकून उठला. तुम्हाला वाटलं, परीक्षेचं टेन्शन. परीक्षा तर तेव्हा संपली होती, हेही तुम्हीच लिहिलंय.

घरात तिघं. मत दोघांना होतं. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता त्याला नव्हतं, कारण त्याला अठरा पूर्ण नव्हती.

तेव्हा 'त्याला माहीत नाही' ही तुमची समजूत मला मान्य नाही. त्याला त्या संध्याकाळपासून माहीत आहे. त्यानं कधी विचारलं नाही, कारण उत्तर त्याच्या कानावर पडलं होतं. म्हणजे तुम्ही सांगायला निघालात ती त्याच्या दृष्टीनं बातमी नाहीच. त्याला माहीत नाही ते एवढंच की बाबांनाही ते आठवतं. आठ वर्षं त्यानं असं धरलं असणार की बाबा बोलले आणि विसरले. तुम्ही विसरला नाहीत, हे त्याला कळायला हवं.

आता गप्प राहण्याच्या बाजूनंही बोलते, कारण ती बाजू सरसकट भित्रेपणाची नसते. तुमचा मुलगा २०१७ साली पाच वर्षांचा असता, किंवा तुम्ही ती खूण ऑफिसात बसून केली असती आणि घरी शब्दानंही बोलला नसता, तर मी म्हटलं असतं, नका सांगू. ज्याची त्याला खबरच नाही असं ओझं लग्नाच्या तोंडावर त्याच्या डोक्यावर द्यायचं आणि आपण हलकं व्हायचं, याला प्रामाणिकपणा म्हणत नाहीत. अशाच पेचात असलेल्या इतर आईवडिलांनी हा फरक नीट पाहावा. जे मुलानं ऐकलंय त्याबद्दल बोला. जे फक्त तुमच्या मनात होतं ते बहुतेक वेळा तिथंच राहिलेलं बरं.

पण मुलाकडं जाण्याआधी एक थांबा आहे.

पत्रात एक वाक्य तुम्ही कंसात टाकलंय, '(हिचाही फॉर्म मीच भरला, घरातले सगळे फॉर्म मीच भरतो, तिनं विचारलंही नाही.)' मी तिथं अडखळले. पुन्हा वाचलं, आणि पुन्हा. मुलाला काय सांगू यावर साडेतीन पानं आणि बायकोसाठी एक कंस!

कर परताव्याचा फॉर्म भरणं वेगळं, विम्याचा वेगळा. हा कागद सरकारनं तिच्या नावानं पाठवला होता, तिचं मत विचारायला. त्या ४८ लाखांत एक 'नाही' तिच्या नावावर आहे आणि तो तिनं म्हटलेला नाही. उद्या मुलगा सहज म्हणाला, 'आई, तू तेव्हा काय केलं होतंस?' तर ती काय सांगेल? 'मला आठवत नाही'? की 'बाबांनी भरला'? ती दोन दिवस रडली ते तुम्ही मुलाच्या बातमीवर घातलंत. असेलही. पण स्वतःच्या हिशेबातही ती रडली असेल, तुम्हाला ठाऊक नाही. तिनं स्वतः भरला असता तर हो म्हटलं असतं असं मी म्हणत नाही. कदाचित तिनंही नाहीच म्हटलं असतं. पण मग तो तिचा नकार असता, आज तिला तो स्वतः निस्तरता आला असता.

म्हणून आधी तिच्याशी बोला. आजच, चहाच्या वेळी. कुठल्या चौकटीत खूण केली ते सांगा आणि तिला न विचारता केली हे चुकलं, असं म्हणा. आणि कृपा करून तिला निरोप्या करू नका. 'तूच त्याला सांग ना, तुझं तो ऐकतो' हे वाक्य मराठी घरांत बापांनी फार वापरून झालंय.

मग मुलगा. लग्नाआधी निदान महिना-दीड महिना ठेवून बोला. लग्नाच्या आठवड्यात तर नाहीच, आणि तिकडं स्वागतसमारंभात वराच्या वडिलांनी चार शब्द बोलायची पद्धत असते, त्यात तर मुळीच नाही. शंभर माणसांसमोर बापानं चूक कबूल केली की सगळे डोळे पुसतात आणि मुलाला हसून मिठी मारण्यावाचून पर्याय राहत नाही. ती जबरदस्ती झाली. गाडीत बोला. तुमच्या पिढीतल्या पुरुषांना गाडी चालवताना बोलणं जमतं, असं माझं जुनं निरीक्षण आहे. नजर रस्त्यावर असते, हात स्टिअरिंगवर, आणि समोरच्यालाही खिडकीबाहेर बघता येतं.

फार शब्द नकोत. 'तू बारावीत होतास तेव्हा मी त्या कायद्याला नाही म्हटलं. आईच्या फॉर्मवरही मीच खूण केली, तिला न विचारता. निकालाच्या दिवशी जे बोललो ते तू ऐकलंस आणि ताटावरून उठलास. मला ते आठवतं आणि त्याची लाज वाटते.' एवढंच, तेही खरंच तसं वाटत असेल तर. यानंतर 'पण' म्हणायचं नाही. पण तेव्हा वातावरणच तसं होतं, पण ती जाहिरात, पण आम्हाला कुणी शिकवलं होतं का... हे सगळं तुम्ही मला लिहिलंत ते ठीक झालं, ते इथंच राहू द्या. 'मला माफ कर'सुद्धा म्हणू नका. माफी मागितली की समोरच्याला तिथल्या तिथं उत्तर द्यावं लागतं आणि तो संस्कारी असेल तर 'जाऊ दे हो बाबा' म्हणून मोकळा होतो. त्याला वेळ घेऊ द्या.

तो चिडेल कदाचित. कदाचित नुसतं 'माहितीये' म्हणेल. माझ्या मते तुम्हाला ते सगळ्यात जड जाईल, कारण मग पुढं बोलायला काहीच उरत नाही. नका बोलू. गाडी चालवत राहा.

आणि एक शब्द. पत्रभर तुम्ही मुलाला 'तसा' म्हटलंय. 'आमचा मुलगा तसा आहे', 'तसं लग्न'. 'गे' म्हणा, 'समलिंगी' म्हणा, त्याला जो शब्द आवडतो तो त्यालाच विचारा. पण घरात एकदा मोठ्यानं म्हणून बघा, नाहीतर नेमका मांडवात अडकेल.

तुमची दुसरी अडचण अशी की मन तयार नसताना लग्नाला जाणं ढोंग ठरेल का. यावर तुमच्याच शहरातला एक दाखला आहे. माजी पंतप्रधान टोनी ॲबट हे 'नाही'च्या प्रचारातलं सगळ्यात मोठं नाव. त्यांची सख्खी बहीण क्रिस्टीन फॉर्स्टर उघडपणे 'हो'च्या बाजूनं. त्यांच्या स्वतःच्या वॉरिंगा मतदारसंघात ७५ टक्के लोकांनी हो म्हटलं, म्हणजे घरातही हरले आणि मतदारसंघातही. २०१८ च्या फेब्रुवारीत सिडनीत बहिणीचं तिच्या जोडीदारणीशी लग्न झालं आणि भाऊ लग्नाला हजर होता. जाहीर विरोध करून झाल्यावरही जाता येतं, एवढं त्यातून घ्या. त्यापलीकडं तो दाखला मी तुम्हाला देणार नाही. भाऊ पाहुण्यांत बसून निघून जाऊ शकतो. तुम्ही वराचे वडील आहात, तुम्हाला उभं राहून लोकांचं स्वागत करायचंय.

'ग्रीक लोकांचं बरं, त्यांना काही वाटत नाही' असंही एक वाक्य पत्रात आहे. हे कुठून काढलंत? ग्रीसमध्ये असा कायदा झाला तो १५ फेब्रुवारी २०२४ ला, ऑर्थोडॉक्स चर्चचा कडवा विरोध असताना, १७६ विरुद्ध ७६ मतांनी. ऑर्थोडॉक्स बहुसंख्य असलेल्या देशात हे पहिल्यांदाच घडलं. दर रविवारी चर्चला जाणाऱ्या घरात ही बातमी पचायला काय काय झालं असेल, ते त्या आईवडिलांनाच विचारा. मला तर वाटतं, व्याह्यांशी बोलायला तुम्हाला याच्याइतका चांगला विषय मिळायचा नाही. जेवायला बोलवा आणि 'तुम्हाला किती दिवस लागले?' असं सरळ विचारा.

आता लोक.

२०१७ च्याच जूनमध्ये, तुमच्या लिफाफ्याच्या तीन महिने आधी, लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले. वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. आपण गे आहोत हे लिओंनी २०१५ च्या जानेवारीत मंत्री असताना रेडिओवर सांगितलं होतं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात आयर्लंडनं सार्वमत घेऊन ६२ टक्क्यांनी समलिंगी विवाह मान्य केला. २०१९ च्या डिसेंबराअखेर ते घरच्यांना घेऊन वराडला आले, तेव्हा गावानं आपला मुलगा म्हणूनच स्वागत केलं. आता तुम्ही म्हणाल, पंतप्रधान झाला म्हणून. मीही तेच म्हणते. हारतुरे खुर्चीला असतात, आणि तुमचा मुलगा फिजिओथेरपिस्ट आहे, त्याच्यासाठी कराडला कमान लागणार नाही. पण वराडच्या लोकांना कसं वागावं ते आधीपासून ठाऊक होतं असं समजू नका. घरच्यांनी मान ताठ ठेवली की गावाला वळण मिळतं. तुम्ही खाली बघून 'मित्राचं लग्न आहे' म्हणालात तर लोक कुजबुजतील, आणि ती कुजबुज सुरू तुम्ही केलेली असेल.

कराडला आधी भावाला फोन करा, एकट्याला. व्हॉट्सॲपच्या घरच्या ग्रुपवर फोटो टाकून नाही. त्याला पहिल्या फटक्यात पटवायचा प्रयत्न करू नका, नुसतं सांगा आणि आईला कसं सांगायचं ते विचारा. थोरल्या भावाला सल्ला विचारला की तो निम्मा आपल्या बाजूला येतो. आईबद्दल 'तिला धक्का बसेल' हे तुम्ही तिला न विचारता ठरवलंय. (फॉर्मची सवय, बघा.) माझ्या एका मावशीला नातवाबद्दल असंच कळलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, 'त्या पोराला स्वयंपाक येतो का?' सगळे हसले. त्यानंतर तिनं महिनाभर कुणाचा फोन घेतला नाही. दोन्ही तिचंच. म्हातारी माणसं एकदम चांगली किंवा एकदम वाईट वागतील असं गृहीत धरू नका, तीही आपल्यासारखीच हेलकावे खातात.

भावाला उत्साहाच्या भरात 'कायद्यानं सगळीकडं मान्य आहे' असं मात्र सांगून बसू नका. भारतात नाही. सर्वोच्च न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२३ ला सांगितलं की लग्नाचा असा मूलभूत हक्क नाही आणि कायदा करायचा तर तो संसदेनं करावा. पुनर्विचार याचिकाही २०२५ च्या जानेवारीत फेटाळल्या गेल्या. त्यामुळं कराडच्या घराचा-जमिनीचा काही विचार असेल तर मृत्युपत्र स्वच्छ करा, नात्याच्या भरवशावर मुलाच्या जोडीदाराला इथं काही मिळणार नाही. दोघं भारतात येणार असतील तर जोडीदारानं पर्यटक व्हिसा काढणंच सरळ पडेल. नवरा-बायकोच्या नात्यावर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना आणि त्यांच्या जोडीदारांना मिळणारं, कायमच्या व्हिसासारखं) मिळेल असं धरून चालू नये, दूतावासात आधी विचारावं. ज्या वाचकांची मुलं इथं भारतात आहेत त्यांच्यासाठी एवढं सांगते की एकत्र बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला अडचण नाही, केंद्राच्या अर्थखात्यानं २०२४ च्या ऑगस्टमध्ये तसं स्पष्ट केलं आहे. बँकेतल्या माणसाला ठाऊक नसेल तर त्याची प्रत घेऊन जा. आणि बोलायला माणसं हवी असतील तर 'स्वीकार' हा अशा मुलांच्या आईवडिलांचा गट मुंबईत सुरू झालेला आहे, सिडनीत दक्षिण आशियाई लोकांसाठी 'त्रिकोण' आहे. तुमच्या पहिल्या सहा महिन्यांतून ही माणसं आधीच गेलेली आहेत.

मंडळाचं काय? मंडळाला एकदम सामोरं जायची काही गरज नाही. दोघांचं केळवण करा. चार घरं बोलवा, ज्यांच्याकडं तुमचं येणं-जाणं आहे अशी. निमंत्रण देताना नाव घेऊन सांगा की मुलाचं अमक्याशी लग्न आहे, दोघं येणार आहेत. चारांतले तीन येतील, एखाद्याला नेमकं त्याच दिवशी मेलबर्नला जावं लागेल. लक्षात ठेवा पण राग धरू नका, आठ वर्षांपूर्वी तुम्हीही मेलबर्नलाच गेला असतात.

लग्नाचं कायदेशीर अंग सोपं आहे. लग्नाची नोटीस निदान एक महिना आधी द्यावी लागते, ती मुलांनी दिली असेलच. नोंदणीकृत विवाह अधिकारी कायद्यानं ठरवून दिलेली वाक्यं म्हणतो. त्यात पूर्वी 'एक पुरुष आणि एक स्त्री' असे शब्द होते, आता 'दोन व्यक्ती' आहेत. तेवढं झालं की बाकी विधी तुमचे तुम्ही करा. भटजी मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तर अंतरपाट धरायला दोन मामे-मावसभाऊ पुरतात, आणि मंगलाष्टकं तुमच्या पत्नीला येतात असं तुम्हीच लिहिलंय.

राहिला तुमच्या ताजा कलमातला प्रश्न. 'ही विचारते, मराठी पत्रिका छापायची तर 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' ऐवजी काय लिहायचं?' दोघांनाही चि. लिहा. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' तसंच ठेवा, त्याला काही होत नाही. बाकी मजकूर पत्नीला लिहू द्या, तुम्ही फक्त छापायला न्या. आणि त्याआधी ग्रीक आडनावाचं देवनागरी त्या मुलाकडून एकदा म्हणून घ्या. तुम्ही पत्रात ते तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं लिहिलंय.